रिंगणातली ओविनाची जागा

सकाळपासून गार वारा आडवा मारत होता. ओविना एक पाय ओढत आवारातल्या मेंढ्यांना वाळलं गवत टाकत होती आणि एकेकीला नावानं शिव्या घालत होती.

आमच्या फेरो बेटांवर नाचाला वाद्य लागत नाही. हातात हात धरून रिंगण करायचं, लाकडी जमिनीवर पाय आपटायचे, लांबलचक गाणी तोंडानं म्हणायची. आमच्या लग्नाआधीपासून ओविना माझ्या उजव्या हाताला. यंदा गुडघा गेला आणि डॉक्टरनं पाय आपटायला मनाई केली. पहिल्याच शनिवारी तिच्या पलीकडच्या हानुसनं तिच्या जागेवर सरकून माझा हात धरला. रिंगण मिटलं. कुणीतरी तिला ते सांगितलंही.

"मिटलं का? बरं झालं," म्हणाली, आणि नाचघराच्या रस्त्यानंच जाईना.

त्या सकाळी तिची भाची मार्युन आली. ती तोर्शव्हनला ध्वनिमुद्रणाचं काम करते. तिनं हेडफोन काढले.

"हे ट्रॅक्टरवाले घालतात तसलं काय गं?"

"घाल तर, आत्या. डोळे मीट. आता मान वळव."

ओविनानं मान वळवली, परत फिरवली. "अगं, हानुस खोकत माझ्या पाठीमागनं गेला की."

"तू वळलीस तरी आवाज आपापल्या वाटेनंच जातात. शनिवारचा नाच चहूकडनं ऐकू यावा म्हणून माईक बरोबर रिंगणाच्या मधे ठेवला होता."

ओविनानं हेडफोन उतरवले. "मधे कोण उभं राहतं गं? मी काय शेकोटी आहे, सगळ्यांनी भोवती फिरायला?"

मार्युनचं तोंड पडलं. पण भाची कुणाची. शनिवारी कानांत दाण्याएवढे माईक खोचून ती हानुसच्या आणि माझ्या मधे येऊन उभी राहिली.

रविवारी आमच्या स्वयंपाकघरात मी ओविनाच्या डाव्या बाजूला कॉफी पीत बसलो होतो. "या वेळी मान हलवू नकोस," मार्युन म्हणाली. "हे माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. तुझ्या जागेवरनं."

ओविनाचे डोळे मिटलेले. टेबलाखाली धडधाकट पाय ताल धरत होता. मग एकदम तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं आणि कॉफी टेबलावर, मांडीवर सांडली.

"कडवं गाळलंस, टुम्मस. राजाचं जहाज बुडालं की दर वेळी तूही बुडतोस."

डोळे अजून मिटलेलेच. गाणं संपल्यावर तिनं हेडफोन काढले.

"या पोरीनं ढोसलं नाही तुला?"

"तिला काय ठाऊक मी कुठं चुकतो ते. दोन कडवी नुसते ओठ हलवले मी."

ओविना टेबलावरची कॉफी पुसत राहिली. जरा जास्तच वेळ.

"म्हणजे रिंगण मिटलं नाही."

"हातांनी तेवढं मिटलं गं. बाकी तुझ्या जागी भोकच आहे."

"बरं. शनिवारी माझी खुर्ची भिंतीकडेला ठेव. मी बसून गाईन. आणि तू समोरनं गेलास की काठीनं ढोसेन."

"आत्या, मी काठीलाही माईक लावते," मार्युन म्हणाली.

"त्यापेक्षा तू कडवी पाठ कर. आणि हात घट्ट धर ह्याचा, सुटतो."

बाहेर मेंढ्या ओरडायला लागल्या होत्या. ओविनानं बादली उचलली, गमबुटात पाय घातले आणि त्यांच्यावर खेकसत पाणी द्यायला गेली.