युलालियाबाईंचं पाणी

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला असताना सांगण्यासारखं काही घडायचंच नाही. आठवडाभर कंपनीची शटल, शनिवारी लाँड्री. वर्क फ्रॉम होम मिळालं आणि मी न् बायको मधुरा न्यू मेक्सिकोतल्या या जुन्या स्पॅनिश शेतकऱ्यांच्या गावात राहायला आलो. आता किस्से ठेवायला जागा पुरत नाही. गाव मिरची, मका न् सफरचंदांचं. डोंगरातून पाट येतो आणि शेतांना आळीपाळीने पाणी मिळतं. घर घेतलं, तर पाण्यातला वाटाही बरोबर आला.

*

वसंतात पाट साफ करायला घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर लागतो. मी पाटकरी रामिरोला म्हणालो, "सॉरी, माझी मीटिंग आहे."

"पाटाचीही आहे," तो म्हणाला आणि माझ्या हातात फावडं दिलं. मीटिंग कॅन्सल केली.

*

पहिल्या वर्षी माझ्या वाट्याचं पाणी मी लॉनला सोडलं. सनीव्हेलची खोड, दुसरं काय! शेजारच्या युलालियाबाई काठी टेकत आल्या. वय ऐंशीच्या पुढे.

"तू गवत खातोस?"

"नाही."

दुसऱ्या दिवशी लॉनच्या मधोमध मिरचीची रोपं लावलेली होती. मला कुणी विचारलंही नाही.

*

आई सांगलीहून आली, तिने बाईंना ठेचा दिला. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. तरी म्हणाल्या, "मिरची कमी पडली," आणि आणखी वाढून घेतला.

"हट्टी आहे गं ही," आई मधुराला कौतुकाने म्हणाली.

*

याच बाईंचं वरचं शेत नवरा गेल्यापासून पडीक होतं. इथे जमीन वर्षानुवर्षं अशी कोरडी राहिली, तर तिच्या पाण्यावरचा हक्क जाऊ शकतो. आणि खालच्या शहरात घरं बांधणाऱ्या एका कंपनीचा नेमका त्याच पाण्यावर डोळा. मुलाचा डेन्व्हरहून फोन आला, "मॉम, विकून टाक."

"गाव तू सोडलंस, मी नाही," म्हणून बाईंनी फोन ठेवला.

मधुरा तर पेटलीच. "यार, यांच्या स्विमिंग पूलसाठी बाईंचं पाणी? बघतेच मी."

रविवारी अख्ख्या गावाने मिळून ते शेत नांगरलं, मका पेरला. माझी कंबर धरली, पण इतका आनंद मला ऑफिसच्या कुठल्याच कामाने दिला नव्हता.

*

त्याच आठवड्यात कंपनीचा माणूस आला. पॉलिश केलेले बूट, गळ्यात कॅमेरा. शेत पडीक आहे, याचा त्याला पुरावा हवा होता. कोंब अजून वर आले नव्हते.

"इथे तर काहीच नाही," तो खूश होऊन म्हणाला.

बाई बांधावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. "मधोमध जा," त्या गोड आवाजात म्हणाल्या. "तिथून सगळं शेत दिसतं."

तो गेला. बाईंनी काठी वर केली. रामिरोने पाटाची फळी उचलली. पाणी सऱ्यांमधून धावत सुटलं. तो वळेपर्यंत घोट्याएवढा चिखल झाला होता, आणि त्यातून एक पाय बाहेर आला तो बुटाशिवाय.

"हं," बाई म्हणाल्या, "आता काढ फोटो."