पूजेतला सिलिंडर

जागेश्वर पौनीकर रागीट आहे, असं त्याच्या टॅक्सीत बसलेला प्रत्येक जण सांगे. नरखेडकडचे पेशंट तो धंतोलीच्या दवाखान्यांत आणायचा. पेशंट कण्हत असला तरी आधी त्याला दम मिळे: सीटखालच्या लाल सिलिंडरला पाय लावायचा नाही. एका दोस्ताची टॅक्सी आग विझवायच्या सिलिंडरसकट जळाली होती; सिलिंडर डिक्कीत पोत्यांखाली सुरक्षित होता, वेळेवर हाती लागलाच नाही. तेव्हापासून जागेश्वरने आपला सिलिंडर सीटखाली लोखंडी पट्ट्यात बसवला. हात घातला की मिळावा, ब्रेक मारला तरी घरंगळू नये. टॅक्सीखेरीज त्याच्याजवळ काही नव्हतं. घरातला माग कधीच बंद पडला होता.

त्र्याऐंशी सालच्या खंडेनवमीला त्याच्या आईने, सखूबाईने, मागाचा धोटा पाटावर मांडला आणि शेजारी सिलिंडर. मुलाचं हत्यार तेच, असा तिचा हिशेब. सिलिंडरच्या मुठीला आणि पिनेला मिळून लाल नाडा बांधला. जागेश्वर घरभर ओरडला. सखूबाईने ऐकून घेतलं आणि सांगितलं की मांडलेली पूजा दसऱ्याला सोनं वाटल्यावरच हलते.

दसऱ्याच्या सकाळी त्याने घासलेटच्या बोळ्याने इंजिन पुसलं. बायको चंद्रकला उघड्या बॉनेटसमोर आरती ओवाळत होती. पेटता कापूर ताटातून निसटून नेमका त्या बोळ्यावर पडला. बोळा तिथे जागेश्वरच विसरला होता. हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नाही.

तो घरात धावला. सखूबाई पाटासमोर वाट अडवून उभी.

"पूजा हलली नाही गा अजून."

"गाडी जळून राहिली, माय. मंग हलव ना तू."

तिने अक्षता टाकल्या, धोटा जरासा सरकवला आणि मगच सिलिंडर त्याच्या हाती दिला. तेवढ्यात जागेश्वरने तिच्या माहेरचा सगळा उद्धार केला. दारात येऊन पिन ओढली तर निघेना. गाठ कोष्टिणीची, ओढावी तितकी आवळत जाणारी.

"काहून बांधलं वं हे?"

"आण इकडे."

मागावरचा धागा तोडावा तसा तिने नाडा दातांनी तोडला. पांढऱ्या भुकटीने इंजिन, झेंडूचा हार आणि चंद्रकलेचं नवं लुगडं एकदमच माखलं. वायरी गेल्या, टॅक्सी वाचली.

आता सखूबाई पूजेचं ताट घेऊन गाडीपाशीच येते. सीटखाली वाकून कुंकू लावते, कापूर पेटवत नाही. नाडा ती लोखंडी पट्ट्यालाच बांधते. जागेश्वर मात्र दार धरून उभा असतो, तिच्या बोटांकडे रागाने बघत.