साडेतेवीस वर्षांचा प्रांत

सरकारने रद्द केलेला प्रांत एकट्याच्या बळावर चालू ठेवणारे पृथ्वीतलावरचे एकमेव गृहस्थ जर्मनीत गेर्लिंगेनला आमच्या खालच्या मजल्यावर राहत. पोलंडमधल्या वोम्झा प्रांताच्या कचेरीत ते कारकून होते. नव्या रचनेत तो प्रांत शेजारच्या मोठ्या प्रांतात विरघळला आणि हे आजोबा मुलीमागोमाग इकडे आले. पण भिंतीवरचा नकाशा जुनाच. टीव्हीवर हवामान सांगणारी बाई पोलंडवरून हात फिरवू लागली की हे तिला वोम्झाची हद्द दाखवून देत. जेवायला बसले की ताटात प्रांत उभा राही: मस्टर्डची नरेव नदी, काठाने वाटाण्यांची गावं आणि पलीकडे भलामोठा बटाटा, म्हणजे वोम्झाला गिळणारं बिआविस्टॉक शहर. तो बटाटा ते कधी खात नसत. प्रांत तेवीस वर्षं टिकला ना, असं कुणी विचारलं की काटा खाली ठेवून म्हणत, "साडेतेवीस." त्या अर्ध्या वर्षात एक पूल झाला होता म्हणे.

या साडेतेवीस वर्षांचा इतिहास त्यांनी सात वह्यांत लिहिला होता. मुलीला वेळ नव्हता, नातवंडांना पोलिश येत नव्हतं. "लिहून झालंय, हेर इंजिनियर. आता कुणीतरी ऐकायला हवं," असं ते मला म्हणत; हेर म्हणजे जर्मनमध्ये साहेब. आमची दोघांची जर्मन सारखीच मोडकी, त्यामुळे तो मान माझ्याकडे आला. दोन वह्या मी ऐकल्या. तिसरीत, दूध डेअऱ्यांच्या प्रकरणात, मला ऑफिसच्या कामाची घाई होती आणि मी हसत म्हणून गेलो, "तेवीस वर्षं? आमच्याकडे कोर्टातला एक खटला याहून जास्त चालतो." त्यांनी वही मिटली. साडेतेवीस म्हणाले नाहीत. माझ्या ते लक्षातही आलं नाही.

पुढच्या वर्षी आमचं पालघर ठाण्यातून वेगळं झालं. बाबांनी पेढे वाटल्याचं फोनवर सांगितलं, मलाही आनंद झाला. तरी बाबांना पाठवायच्या पार्सलवर पत्ता लिहिताना माझा हात 'जिल्हा ठाणे' लिहून गेला आणि ते काही केल्या खोडवेना. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि स्वतःची इतकी लाज वाटली की पेन टाकून तसाच खाली गेलो. माफी मागितली. म्हटलं, तिसरी वही काढा, सातही ऐकल्याशिवाय उठणार नाही.

आजोबा जेवत होते. मस्टर्ड बरणीतच होतं आणि ताटातले वाटाणे नुसते वाटाणे होते.

"बसा," ते म्हणाले. "तेवीस वर्षांचा प्रांत. त्यात ऐकण्यासारखं काय असणार?"

"साडेतेवीस," मी म्हणालो.

त्यांनी मायेने मान हलवली, आणि बटाटा कापून शांतपणे खाल्ला.