दुसऱ्याच्या गच्चीवरचं ऊन

रांझीत आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आमच्या डोक्यावर गच्ची, आणि गच्चीच्या डोक्यावर जबलपूरचा मे महिना. बाबांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली तेव्हापासून ते याच खोलीत पलंगावर आहेत. जिना अरुंद आहे. चौघांनी खुर्चीत बसवून त्यांना वर आणलं. त्यानंतर ते एकदाच खाली उतरले, तेही दवाखान्यासाठी. दुपारी कूलर चालू असला तर त्यांचा डोळा लागतो. लाइट गेली की त्यांना धाप लागते, आणि मी पुठ्ठ्याने वारा घालत मनातल्या मनात साऱ्या जगाला शिव्या देते. जुना इन्व्हर्टर फक्त पंखा फिरवतो, आणि तो पंखा वरची गरम हवा खाली ढकलतो.

बाबा इथल्याच सरकारी कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. क्वार्टरमध्ये राहणाऱ्यांची एक खास चूक असते, क्वार्टर आपलाच वाटायला लागतो. बाबा दर दिवाळीला तो स्वतः रंगवायचे, मागे आंबाही लावला. आई प्लॉट घेऊ म्हणायची तेव्हा त्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, "सरकारनं घर दिलं आहे ना, मग काहून डोकं खाऊन राहिली?" निवृत्तीनंतर किल्ली परत करायच्या दिवशी त्यांनी आधी सगळे बल्ब पुसले. मला तेव्हा हसू आलं होतं, आता चीड येते.

गच्चीवर एवढं ऊन फुकट सांडतं, तर सोलर का लावू नये, असं माझ्या मनाने घेतलं. सरकार अनुदान देतं हे पेपरात वाचलं होतं. कमानिया गेटजवळच्या दुकानात गेले. तिथल्या माणसाने दोनच प्रश्न विचारले.

"दीदी, बिल किसके नाम है? और छत किसकी है?"

दोन्हींचं उत्तर एकच होतं, घरमालकीणबाई. त्या खालीच राहतात. बाई वाईट नाहीत. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "बेटा, पैनल पच्चीस साल चलता है. तुम लोग कितने दिन रहोगे?"

महिन्याभराने त्यांनी स्वतःच पॅनेल बसवून घेतले. अनुदान त्यांना, बिलात सूट त्यांना. गच्चीला कुलूप लागलं, माझ्या कुरडया वाळायला खिडकीत आल्या. तरीही मी हरखले होते. मला वाटलं, वीज आता घरातच तयार होते, म्हणजे दुपारी लाइट जाणार नाही. मी बाबांना तसं सांगितलं. "आता कूलर बंद होणार नाही, बाबा. आरामात झोपा." ते नुसतं "अच्छा" म्हणाले. त्या दिवशी मी शिरा केला.

चौथ्या दिवशी भर दुपारी कूलर थांबला. मी तडक खाली गेले. बाईंकडेही लाइट नव्हती. त्याही पदराने वारा घेत बसल्या होत्या. बाहेर बघवत नव्हतं इतकं ऊन होतं आणि ते सगळं त्या निळ्या काचांवर पडत होतं. मी परत वर आले, बाबांचं बनियन ओलं करून छातीवर ठेवलं. त्यांचा श्वास वाजायला लागला होता.

"लाइन गेली की हे पण बंद होते," ते तोंडाच्या एका बाजूने, सावकाश म्हणाले. "बॅटरी नाही ना त्याला. चालू राहिलं तर वीज उलटी तारेत जाईल, खांबावर चढलेला माणूस मरून जाईल."

जन्मभर तारा जोडत आलेला माणूस. त्यांना हे पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला रडू आलं ते रागाने.

"मग मला आधी काहून नाही सांगितलं?"



"तू खुश होती ना, बहुत दिवसांनी," ते म्हणाले. "घर तर नाही देऊ शकलो तुला. म्हटलं, चार दिवस तेवढं तरी राहू द्यावं."

मी पुठ्ठा उचलला आणि वारा घालायला लागले.