आबांच्या हातचं भरीत

बायकोलाही सांगितलेलं नाही, ते आज लिहितो. बुजऱ्या मुलांना बोलतं करणारा मास्तर म्हणून देवपुरात माझं नाव होतं, आणि जी मुलगी माझ्यामुळे बोलायला लागली होती तिचं तोंड मीच बंद केलं.

पंच्याऐंशी-शहाऐंशीची गोष्ट. साक्रीकडच्या खेड्यातली ती मुलगी मावशीकडे राहून आमच्या शाळेत पाचवीत शिकायची. घरची अहिराणी तोंडातून निघाली की वर्ग हसायचा, म्हणून तिने बोलणंच सोडलं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर मी अशा मुलांना थांबवून शिकवायचो: ताठ उभं राहायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, नको असेल तर नको म्हणायचं. सरावाला मी पेरू पुढे करायचो, "घे ना गं, घे!" ती मुकाट हात पुढे करायची. दिवाळी उलटल्यावर एका शनिवारी मान वर करून म्हणाली, "नको, सर." पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही फुगलो.

थंडीत संस्थेचे अध्यक्ष, सगळे त्यांना आबा म्हणत, त्यांच्या मळ्यात भरीत पार्टी झाली. मला नोकरीत कायम करणं त्यांच्या हातात होतं. म्हणून माझी बोलकी झालेली मुलं मिरवायला घेऊन गेलो.

वांगी कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांवर भाजलेली, केळीच्या पानांवर भरीत, वर तेलाचं तळं. आबा स्वतः वाढत होते. तिचं पान संपत आलं तसे तिच्यापाशी थांबले.

"काय वं माय, लाजी ऱ्हायनी का? ले, ले!"

तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. "नको, आबा."

"आमनाकडे नको म्हणजे वाढा!" पंगत हसली. पानावर आणखी एक गोळा पडला.

"नको, आबा. पोट भरलं."

शिकवलं होतं तसं, अगदी तसंच. आबांचा हात थांबला. "मास्तर, तुम्हनी पोरले आग्रह समजत नही का?"

ती माझ्याकडे बघत होती. 'नको म्हणते आहे, राहू द्या' एवढंच म्हणायचं होतं. मी दात काढले. म्हणालो, "खा गं. मोठ्या माणसांना नको म्हणत नाहीत."

तिने खाल्लं. आबा वाढत गेले, ती गिळत गेली, तेल हनुवटीवरून ओघळत होतं. मग त्याच पानावर ओकली. लसूण, मिरची आणि आंबट वास. आबा म्हणाले, "पोरले भरीत सोसनं नही!" पुन्हा हशा. आणि मी, थू माझ्या जिण्यावर, आबांची माफी मागितली. तिची नाही. तिचं तोंडसुद्धा दुसऱ्या कुणीतरी धुतलं.

पुढच्या शनिवारी पेरू पुढे केला. तिने घेतला. खडू दिला, घेतला. खोडकर पोरांनी आपापली दप्तरं तिच्या गळ्यात अडकवली, तीही घेऊन उभी राहिली. शाळा सोडेपर्यंत तिच्या तोंडून 'नको' आलं नाही.

मी कायम झालो. पुढे सत्कारही झाले, 'मुलांना धीट करणारे सर' म्हणून. हार गळ्यात पडला की तो आंबट वास यायचा. अजून भरीत समोर आलं की ताटावरून उठतो.

आता तीही चाळिशीच्या पुढे असेल. कुठे दिली, मला माहीत नाही. कधी चौकशीही केली नाही. तिच्यासमोर उभं राहून, तिच्या डोळ्यांत बघून, 'तुझं बरोबर होतं, मी घाबरलो' एवढं सांगणं माझ्याकडे बाकी आहे.