कोळशावरची मोटार

इस्त्रीवाल्याच्या कोळशाचा वास आला की मी आजही सुर्लीच्या घाटात जाऊन पोचते. लढाईमुळं पेट्रोल मिळेना, म्हणून ह्यांनी आमच्या सर्व्हिस मोटारीला मागं कोळशाची भट्टी बसवली होती. तिच्या धुरावर मोटार कराडहून विट्याला पळायची, पण घाटात तिचा दम उखडायचा. मग उतारू आपणहून उतरून ढकलायचे. हळूहळू लोक म्हणू लागले, यापेक्षा बैलगाडी बरी.

त्या दिवशी मी आणि सासूबाईंनी बाभळीचा कोळसा सुपात पाखडून, भट्टी कोंडणारी सगळी भुकटी काढून दिला होता, आणि आम्ही दोघीही मोटारीत बसलो होतो. पायथ्याशी हे म्हणाले, "आज कुनी उतरू नगा." तरी सवयीनं सगळे उतरलेच. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "बस गं. आपुन पाखडलाय कोळसा. चढंल."

मोटार गुरगुरली आणि चढतच सुटली. ढकलायला पुढं झालेले हात तसेच राहिले. धोतरं सावरत माणसं मागून पळू लागली, "आरं, थांब रं" म्हणत. हे थांबले ते थेट माथ्यावर.

सगळ्यांत आधी एक म्हातारबाबा धापा टाकत पोचले. सासूबाईंनी खिडकीतून डोकं काढलं आणि विचारलं, "आवं, मोटारीनं येताय, का बैलगाडी बघू?"