ताईच्या हाताचा वास

नगरच्या दवाखान्यातून मोठ्या दिरांचा फोन आला, तेव्हा मी अभयसाठी भाकरी थापत होते. "शैला गेली," एवढंच बोलले. तवा तसाच तापत राहिला... शैलाताई माझी मोठी जाऊ. मिरजगावात आमच्या दोन घरांत भिंत एकच. अभय तिचा विशीतला लेक, स्वमग्न, एक शब्द न बोलणारा. आई गेली हे त्याला सांगायचं कसं, ते मला अजून उमगलेलं नाही.

अभय जेवायचा तो तिच्याच हातून. ती दुधात भाकरी कुस्करायची, तो तिची बोटं नाकाशी धरून हुंगायचा, मगच घास घ्यायचा. मी चिडवायचे, जावयाचे लाड चाललेत म्हणून. शाळेत शिकवून दमून आलेली ती बाई खुशाल हसायची.

मग एका रविवारी तिनं पुरवणीत वाचलं. आईच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं असतात, ती नाळेतून बाळाकडे जातात, आणि त्यातली काही, काही मुलांच्या मेंदूच्या घडणीत अडथळा आणत असावीत. संशोधकांचा तो अजून कयास आहे, हेही तिथं छापलं होतं. ताईनं एवढंच धरलं, की पोराला आपल्याच अंगातून बाधलं. दुसऱ्या दिवशी हात मागं घेऊन ती चमच्यानं भरवायला लागली. अभयनं वाडगं सारलं ते सारलंच. मी वैतागून म्हटलं, "ताई, आईच्या हाताला कुठं इख असतंय व्हय?"

"हाताला नसेल गं... रक्ताला असेल."

पोराची उपासमार बघवेना, तेव्हा चमचा गेला. धास्ती मात्र गेली नाही. डॉक्टरांनी परोपरीनं समजावलं, की हे सगळ्या आयांना लागू नाही, हीच द्रव्यं बाळाला जपतातही, यात तुमचा दोष नाही. ती म्हणायची, माझं रक्त तपासा. आता तपासून तेव्हाचं काही कळायचं नाही, असं उत्तर मिळालं. धड 'होय' नाही, धड 'नाही'ही नाही. शेवटच्या आजारात माझा हात धरून तिनं विचारलं, माझ्यामुळंच झालं का गं हे? मी नाही म्हणाले. कशाच्या बळावर म्हणाले, देव जाणे.

आता मी भरवते. वाडगं तिचंच, कुस्करणंही तिच्यासारखंच. अगदीच भूक लागली की खातो बिचारा, पण मला फार हतबल वाटतं. रोज आधी तो माझी बोटं नाकाशी नेतो, हुंगतो... मग माझा हात अलगद खाली ठेवतो, आणि मधल्या भिंतीकडे बघत वाट पाहत बसतो.